लाकूडफाट्याची खोली

आवारातल्या आउटहाऊसचे नियम गुरुमूर्तीरावांना तोंडपाठ होते. ज्याला नियम तोंडपाठ असतात तो संकटातही नियमाला धरूनच पडतो, तसंच त्यांचं झालं.

नियम साधा होता. घराच्या मागे, शेजाऱ्याच्या कुंपणाला लागून, एखादी खोली बांधायला पंचायतीची हरकत नव्हती. मात्र तिची उंची जमिनीपासून दहा फुटांच्या वर जाता कामा नये, आत कोणी राहता कामा नये आणि चूल पेटता कामा नये. माणूस राहणार किंवा चूल पेटणार असेल तर ती खोली कुंपणापासून दहा फूट आत घ्यायची. एवढंच. गुरुमूर्तीराव मद्रासला कोटातल्या, म्हणजे जुन्या किल्ल्यातल्या, एका सरकारी खात्यात असिस्टंट होते. नियमांवर टिपणं लिहिण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. हा नियम वाचून ते खूशही झाले होते, कारण एवढ्या थोड्या शब्दांत एवढं सांगणारा नियम त्यांच्या खात्यात कोणी लिहिला नव्हता.

त्यात फक्त एक गोष्ट सांगितलेली नव्हती. जमिनीपासून म्हणजे कुठल्या जमिनीपासून?

हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. गुरुमूर्तीराव तंजावरचे. तिथल्या मराठी माणसांच्या पिढ्यान् पिढ्या कावेरीच्या गाळात गेल्या, आणि तो मुलूख असा सपाट की अंगणात गोटी ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिथेच सापडावी. पावसाचं पाणीसुद्धा तिकडे घटकाभर थांबून कुठे जायचं ते ठरवतं. त्या माणसाला जमीन म्हणजे एक आडवी रेघ. एकोणीसशे साठ साली घरबांधणी सोसायटीने मद्रासबाहेर पल्लावरमच्या टेकडीच्या अंगावर प्लॉट पाडले तेव्हा त्यांनी एक ग्राउंड, म्हणजे चोवीसशे चौरस फूट, जागा घेतली, ती स्वस्त पडली म्हणून. स्वस्त का पडली हे त्यांना पाया खणायला लागल्यावर कळलं. रस्त्याकडची बाजू आणि मागची बाजू यांत पुरुष-दीड पुरुष उंचीचा फरक होता. घर खाली रस्त्याकडे झालं, मागचं परसू डोंगरासारखं चढत गेलं आणि टोकाला पाच फुटी दगडी बांध आला. बांधावर नारायणस्वामींचं आवार.

घर झालं आणि घरात संडासही झाला. हे भवानीबाईंचं मागणं होतं. मद्रासात ट्रिप्लिकेनच्या चाळीत सात बिऱ्हाडांत एक संडास वापरून त्या बावीस वर्षं गप्प बसल्या होत्या. तेव्हा नव्या घरात दुसरं काही असो नसो, न्हाणीघराला लागून आपला स्वतःचा संडास हवा, असं त्यांनी एकदाच सांगितलं आणि नवऱ्याने ते ऐकलं. शहाणा माणूस.

वास्तुशांतीला गुरुमूर्तीरावांच्या आई, सकवारबाई, तंजावरहून आल्या. त्यांनी घर पाहिलं, देवघराचं कौतुक केलं, न्हाणीघराशेजारचं दार उघडलं आणि मिटलं. मग दोन दिवस त्या केळी आणि दूध यांवर राहिल्या. त्या सोवळ्यात स्वतःचं स्वतः रांधून खाणाऱ्या. ज्या छपराखाली ते आहे त्या छपराखाली त्यांची चूल पेटणं शक्य नव्हतं. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत, सुनेला एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडीत बसून परत गेल्या.

हे इथवर ठीक होतं. पण पुढच्या वर्षी म्हातारी तंजावरात विहिरीपाशी घसरून पडली. वय सत्तर, घरात एकटी, खुबा दुखावला. सकाळी पडली ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत तिथेच पडून होती. मुलाला हे कळलं ते आठ दिवसांनी, घरमालकाच्या कार्डावरून. ते कार्ड गुरुमूर्तीरावांनी ऑफिसात वाचलं आणि त्या दिवशी त्यांनी एकही टिपण लिहिलं नाही. उरलेल्या दिवसांत आई आपल्याजवळ असली पाहिजे, याखेरीज त्यांना दुसरं काही सुचेना. तंजावरला जाऊन त्यांनी तिचे पाय धरले.

"येते रे," सकवारबाई म्हणाल्या. "पण मला वेगळी खोली दे. माझी चूल तिथे. आणि पाणी वरचं पाहिजे. पाणी वरून खाली येतं, त्या तुझ्या टाकीच्या खालती मी राहायची नाही."

आता सेप्टिक टँक परसाच्या मध्यावर. विहीर वरच्या कोपऱ्यात, डोंगराच्या पाझरावर. म्हणजे खोली वरच हवी, बांधाला लागून. नियमाप्रमाणे बांधापासून दहा फूट आत यावं तर तिथे काळ्या दगडाची ही एवढी धोंड जमिनीतून वर आलेली, बैलजोडी निजावी एवढी. तिच्या खाली आलं की टाकी. राहण्याची, चूल पेटवण्याची खोली बसेल अशी कायदेशीर जागा त्या एका ग्राउंडात कुठेच नव्हती. गुरुमूर्तीरावांनी चार रविवार टेप घेऊन मोजून पाहिलं.

पाचव्या रविवारी त्यांनी अर्ज लिहिला. 'लाकूडफाटा व अडगळ ठेवण्यासाठी खोली.' नकाशा स्वतः काढला. जमिनीची रेघ फूटपट्टी लावून सरळ आडवी, तिच्यावर खोली, बाजूला बाण आणि आकडा: दहा फूट. पंचायतीच्या ऑफिसात कोणीतरी त्यावर शिक्का मारला. आयुष्यात पहिल्यांदा गुरुमूर्तीरावांनी सरकारी कागदावर खोटं लिहिलं होतं आणि ते त्यांच्या इतर लिखाणाइतकंच सुबक होतं.

पोंगल झाल्यावर सकवारबाई आल्या. खोली त्यांना पसंत पडली. दार पूर्वेला, समोर विहीर, कोपऱ्यात मातीची चूल. पहाटे उठून स्नान करावं, ओल्या वस्त्राने पाणी भरावं, स्तोत्रं म्हणत भात चढवावा. पंधरा दिवसांत त्यांनी तिथे तुळस लावली, कढीलिंब लावला आणि भवानीबाईंशी गप्पा मारायला रोज संध्याकाळी घराच्या मागच्या पायरीपर्यंत येऊन बसू लागल्या. पायरीच्या आत मात्र नाही. ऑफिसातून येऊन गुरुमूर्तीराव आधी वर जात. आईच्या उंबऱ्याबाहेर दगडावर बसत. आई आतून विचारायची, "आज काय खाल्लंस?" पंचेचाळीस वर्षांचा असिस्टंट काय खाल्लं ते सांगायचा. त्या तीन महिन्यांत ते सुखी होते, असं सरळ लिहायला हरकत नाही.

आता वरच्या अंगाला काय झालं ते पाहा. खालच्या जमिनीपासून दहा फूट उंच खोली वरच्या जमिनीपासून पाचच फूट वर येते. तिचं कौलारू छप्पर नारायणस्वामींच्या आवारात एखाद्या बसलेल्या म्हशीएवढं दिसायचं. बरं, दिसण्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण सकवारबाईंची चूल पहाटे पाचला पेटायची, कौलांच्या फटींतून धूर निघायचा, आणि तो आभाळात जाण्यापूर्वी सहा पावलांवरच्या ओसरीत शिरायचा. त्या ओसरीवर नारायणस्वामींची बायको अलमेलू निजायची. तिला दमा होता.

नारायणस्वामी रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. नियमाने जगलेला माणूस. बांधावरून वाकून हाक मारली असती तर हाक खाली पोचली असती. पण त्यांनी पत्र लिहिलं, इंग्रजीत, टाईप करून, पोस्टाने. पल्लावरमच्या पोस्टात पडलेलं ते पत्र शिक्का खाऊन वीस फुटांवर परत आलं. त्यात दोन गोष्टी होत्या: तुमच्या खोलीच्या धुराने माझ्या पत्नीला त्रास होतो, आणि तुमची खोली फार उंच वाटते.

गुरुमूर्तीराव हे पत्र घेऊन वर गेले असते, "सार, काय करू या?" म्हणाले असते, तर ही गोष्ट इथे संपली असती. पण धुराबद्दल बोलायचं म्हणजे चूल आहे हे कबूल करायचं. आणि कागद आला की कागदानेच उत्तर द्यायचं ही बावीस वर्षांची खोड. त्यांनी लिहिलं: 'आपल्या पत्रासंदर्भात कळविण्यात येते की सदर खोलीची उंची जमिनीपासून दहा फूट असून ती मंजूर नकाशाप्रमाणे आहे.' धुराचा उल्लेख नाही.

वरून दुसरं पत्र आलं: कुठल्या जमिनीपासून? खालून उत्तर गेलं: नियमात म्हटलेल्या जमिनीपासून. तिसऱ्या पत्रात नारायणस्वामींनी कलमाचा आकडा घातला. तिसऱ्या उत्तरात गुरुमूर्तीरावांनी पोटकलमाचा. दोघांनाही आत कुठेतरी मजा वाटू लागली होती, आणि धूर हा शब्द त्या पत्रव्यवहारातून केव्हाच गळून गेला होता. अलमेलूचा दमा मात्र होता तिथेच होता.

"काय लिहूलालास रे एवढं?" एकदा सकवारबाईंनी विचारलं.

"काही नाही अम्मा. शेजारी."

"शेजाऱ्याला लिहायचं कशाला? बोलायचं."

गुरुमूर्तीराव हसले आणि पत्राला तिकीट लावलं.

एप्रिलात नोटीस आली. नारायणस्वामींनी पंचायतीकडे तक्रार केली होती: खोली उंचीला जास्त आहे, आत चूल आहे आणि माणूस राहतो. गुरुवारी सकाळी नऊ वाजता ओव्हरसियर पाहणीला येणार.

तेव्हा कुठे गुरुमूर्तीरावांच्या पायाखालची जमीन सरकली. खोली पाडली जाईल, हे एक. आणि सरकारी नोकराने खोटा अर्ज केला म्हणून कागद त्यांच्या खात्यात जाईल, हे दुसरं. पेन्शनला दहा वर्षं, दोन मुली लग्नाच्या. बुधवारी संध्याकाळी ते आईच्या दाराशी बसले आणि म्हणाले, "अम्मा, उद्या एक माणूस येणार आहे. तू फक्त बोलू नकोस. सकाळी थोडा वेळ घराच्या पायरीवर येऊन बस."

"का?"

"खोलीबद्दल विचारेल."

"विचारलं तर सांगेन. त्यात काय?"

सकवारबाईंचं हे असं होतं. एकावन्न सालच्या शिरगणतीला माणूस दारात आला, त्याने वय विचारलं, तर अंदाजे सांगायला या तयार नाहीत. पेटीतून पत्रिका निघेपर्यंत त्याला अर्धा तास ओसरीवर बसवला आणि वर ताक पाजलं. आपण उभ्या जन्मात खोटं बोललो नाही याचा त्यांना गर्व नव्हता. डावखुऱ्याला उजव्या हाताने लिहिता येत नाही तसं त्यांना ते येत नव्हतं, इतकंच.

"सांगू नकोस अम्मा," गुरुमूर्तीराव म्हणाले. "गप्प बस. गप्प बसणं खोटं नव्हे."

"बरं," सकवारबाई म्हणाल्या.

गुरुवारी पहाटे चूल पेटली नाही. भवानीबाईंनी आणि गुरुमूर्तीरावांनी मिळून पथारी, भांडी, देव्हारा घरात नेला आणि चुलीवर सरपण रचलं, छताला टेकेल एवढं. सरपण आदल्याच दिवशी वखारीतून आणलं होतं. लाकूडफाट्याच्या खोलीत लाकूडफाटा येण्याची ती पहिलीच वेळ.

ओव्हरसियर नऊऐवजी साडेदहाला आला. घामेजलेला, सावळा, भला माणूस. वर चढून येईपर्यंत त्याला धाप लागली. बांधावर नारायणस्वामी हातात कागदांची फाइल घेऊन उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळावर वैष्णवी नाम. दोघा शेजाऱ्यांनी एकमेकांना नमस्कार केला नाही.

ओव्हरसियरने खालून टेप लावला. दहा फूट एक इंच. मग तो बांधावर चढला आणि तिकडून लावला. पाच फूट. त्याने टेप गुंडाळला आणि डोकं खाजवलं.

"सार," तो नारायणस्वामींना म्हणाला, "तुमच्याकडून मोजली तर हिची उंची निम्मीच भरते. तुम्ही जास्त आहे म्हणून तक्रार केलीत."

नारायणस्वामी म्हणाले, "उंची राहू द्या. आत काय आहे ते बघा."

ओव्हरसियर आत गेला. सरपण पाहिलं. वर मान करून कौलं पाहिली. चुलीच्या वरची सहा-सात कौलं आतून काळी झालेली होती, डोळे असलेल्या कोणालाही दिसावीत अशी. ती धुवायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर नाइलाज होता.

सकवारबाई घराच्या पायरीवर बसल्या नव्हत्या. त्या विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या, कारण पायरीवरून टेप लावलेला दिसत नव्हता आणि आपल्या खोलीचं काय होतं ते त्यांना पाहायचं होतं.

"हे बघा सार," ओव्हरसियर गुरुमूर्तीरावांना म्हणाला. तमिळमध्ये म्हणाला, आणि तंजावरात सत्तर वर्षं काढलेल्या बाईला त्यातलं अक्षर न् अक्षर कळत होतं. "तुम्ही सरकारी माणूस. इथे कोणी राहत असेल तर मला तुमच्या खात्याला लिहावं लागेल. मग तुमचं काय होईल ते मी सांगायला नको. असलं लिहायला मला आवडत नाही. पण डोळ्यांना दिसलं ते कसं लपवू?" आणि मग तो विहिरीकडे वळला. आजीला म्हणतात तसं हळू आवाजात म्हणाला, "पाट्टी, तुम्हीच सांगा. इथे राहता का तुम्ही?"

गुरुमूर्तीरावांनी डोळे मिटले. आई आता खरं सांगणार, आणि ती सांगेल त्याला आपण जबाबदार, हे त्यांना कळून चुकलं.

सकवारबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग बांधावरच्या माणसाकडे. रोज पहाटे तीन महिने ज्याने त्यांची स्तोत्रं ऐकली होती त्या माणसाकडे.

"मी?" त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "नाही हो. इथे कोण राहणार? इथे लाकडं ठेवतात."

नारायणस्वामींना एक शब्द पुरला असता. त्यांनी तोंड उघडलंही. पण आपल्या थोरल्या बहिणीच्या वयाची बाई सोवळं नेसून उन्हात उभी आहे आणि आपल्यादेखत खोटं बोलते आहे, हे त्यांच्याने पाहवेना. त्यांनी फाइल मिटली आणि ते घरात गेले.

ओव्हरसियरने तिथेच, विहिरीच्या कठड्यावर वही ठेवून रिपोर्ट लिहिला: खोलीची उंची एक इंच जास्त, माफ करण्यायोग्य. वापर लाकूडफाट्यासाठी. कोणी राहत नाही. समक्ष पाहून, विचारून खात्री केली. तारीख, सही.

त्याला फाटकापर्यंत पोचवून गुरुमूर्तीराव जवळजवळ धावत वर आले. ते सरपण उपसू लागले, हात सोलवटले तरी उपसू लागले. "भवानी, भांडी आण," त्यांनी हाक मारली. "अम्माची चूल पेटू दे. सकाळपासून उपाशी आहे ती."

"लाकडं राहू दे रे," सकवारबाई म्हणाल्या. त्या अजून विहिरीपाशीच होत्या.

"सुटलो अम्मा. लेखी झालं. आता कोणी विचारणार नाही."

"इथे कोणी राहत नाही असं मी सांगितलं."

"हो. म्हणूनच तर..."

"मग आता इथे राहिले तर ते खोटं होईल. नाही राहिले तर खरं."

गुरुमूर्तीरावांच्या हातात एक ओंडका होता. तो त्यांनी खाली ठेवला. त्यांना आधी हसू आलं, मग राग आला. म्हातारपणी माणसाचं डोकं असं चालतं, घटकाभराने समजेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग त्यांनी वाद घातला. पोरासाठी बोललेलं खोटं नव्हे म्हणाले. धर्मराजाचं उदाहरण दिलं. शेवटी म्हणाले, "मग घरात राहा. अम्मा, एवढं माझ्यासाठी कर. मी तो संडास पाडतो."

"पाडू नक्को. भवानीने बावीस वर्षं वाट पाहिली त्याची." त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा नीट खोचला. "मी रागाने नाही जाऊलाले रे. मला तिथे राहता येतं. उद्याच्या गाडीचं बघ."

भवानीबाई पदर तोंडाला लावून रडल्या. सासू जवळ असावी असं वाटणारी सून विरळा, पण ती तशी होती.

संध्याकाळी फाटक वाजलं. नारायणस्वामी होते. दोन वर्षांत पहिल्यांदा ते रस्त्याने फिरून खाली आले होते, रिकाम्या हातांनी, फाइलशिवाय. ते ओसरीवर बसले, पाणी प्याले.

"सार, खोली पाडा असं मला नको होतं," ते म्हणाले. "धुराला वर न्यायला पत्र्याची नळी लावली असती, चार फुटांची, तर माझ्या छपरावरून गेला असता. चौथ्या पत्रात लिहिणार होतो." मग म्हणाले, "तुमच्या आई काय म्हणतात?"

"उद्या जातायत."

उठताना नारायणस्वामींनी वर, खोलीच्या दिशेने, हात जोडले. खोलीत कोणी नव्हतं. सकवारबाई घराच्या मागच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रात्रभर तिथेच बसून राहिल्या, आत आल्या नाहीत की वर गेल्या नाहीत.

शुक्रवारी गुरुमूर्तीरावांनी रजा टाकली. पाहणीच्या रजेला जोडून ही दुसरी. आईचं सामान म्हणजे एक ट्रंक, एक बोचकं आणि कढीलिंबाचं रोप पानात गुंडाळून. रोप सकवारबाईंनी सुनेला विचारून घेतलं. जटका बोलावला. घोडं उतारावरून पाय जपत टाकत होतं. आई-मुलगा मध्ये बोचकं ठेवून, धक्क्याधक्क्याने आदळत बसले होते.

रात्रभर जागून गुरुमूर्तीरावांना एक गोष्ट सुचली होती, आणि ती इतकी सोपी होती की आधी सुचली नाही याचं त्यांना नवल वाटलं. पंचायतीत जायचं. सांगायचं की ती खोली माझ्या आईची आहे, ती तिथे राहते, अर्ज मी खोटा केला. आई बोलली ते माझ्या तोंडाचं पाप, ते मी माझ्या तोंडाने परत घेतो. मग कागद खात्यात जाईल. बढती जाईल, कदाचित नोकरीही. खोलीही पाडतील. पण नळी, परवानगी, वरच्या शेजाऱ्याची सही, धोंड फोडून दहा फूट आत नवी जागा, काही ना काही निघेल. आणि तोवर आईला निदान एवढं कळेल की मुलाने तिला एकटीला खोट्यात टाकून दिलं नाही. मग ती राहील. राहीलच, अशी त्यांची खात्री होती.

हे त्यांनी आईला जटक्यात सांगायला सुरुवात केली. "अम्मा, मी पंचायतीत जाऊन..."

"दोन मुली आहेत तुला," सकवारबाई समोर पाहत म्हणाल्या. बस्स. पुढे जा किंवा जाऊ नको असं काही म्हणाल्या नाहीत.

स्टेशनच्या वाटेवर पंचायतीचं ऑफिस लागतं. अकरा वाजले होते. दार उघडं होतं आणि दारातून टेबलाशी बसलेला कालचा ओव्हरसियर दिसत होता, चष्मा कपाळावर चढवून काहीतरी वाचणारा. कदाचित तोच रिपोर्ट. जटकेवाल्याला 'निल्लु' म्हणायचं, थांब म्हणायचं, एवढंच काम होतं. जटका हळूच चालला होता, रस्त्यात बैलगाड्या आडव्या होत्या. उतरून आत जायला वेळ भरपूर होता.

गुरुमूर्तीरावांनी तोंड उघडलं. मग त्यांना खात्यातली आपली खुर्ची दिसली, मुलींची तोंडं दिसली. आणि त्यांना कळलं की आईने आपल्याला सुटायला वाट करून दिली आहे, आणि ती वाट पाहून आपल्याला बरं वाटतं आहे. बरं वाटलं याची लाज त्यांना तिथल्या तिथे वाटली. पण बरं वाटलं ते वाटलंच.

ऑफिस मागे गेलं. सकवारबाईंनी त्या बाजूला पाहिलं नाही. त्यांनी मधलं बोचकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "नीट बस रे. तुला जागा पुरत नाही."